डोळ्यात कोन आहे

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "मॅडम, तुमचे काही नेत्रदीपक अनुभव लिहा." मी म्हटलं, तीस वर्षांचा गोषवारा तीन शब्दांत देते, चौकट करून छापा: डोळे चोळू नका. त्या हसल्या. त्यांना विनोद वाटला. मी हे वाक्य दिवसातून वीसदा म्हणते, भिंतीवर लावलंय, सगळ्या केसपेपरांवर शिक्का मारलाय, आणि ते वाचून झाल्यावर माणूस "हो का?" म्हणत माझ्यासमोरच बोटाने डोळा खसाखसा चोळतो. यात नेत्रदीपक काय आहे ते मला तरी सापडलेलं नाही.

मी डोळ्यांची डॉक्टर नाही. हे आधीच सांगते, कारण पनवेलमध्ये ते कोणी ऐकून घेत नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट. ऑपरेशन करत नाही, मोतीबिंदू काढत नाही, आणि माझं चष्म्याचं दुकानही नाही. तळ्याजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. ज्यांना चष्म्याने दिसत नाही अशांच्या डोळ्यांवर मी तिथे लेन्स बसवते. लेन्स म्हटलं की लोकांना हौस वाटते. लग्नसराईत रोज कोणीतरी जिना चढून येतं आणि हळदीला घालायला घाऱ्या लेन्स आहेत का विचारतं. नाहीत म्हटलं तर निळ्या चालतील म्हणतं. माझ्याकडे येणाऱ्यांना लेन्सची हौस नसते. त्यांना बसचा बोर्ड वाचायचा असतो.

थोडं समजावून सांगते. डोळ्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. शास्त्रात त्याला वेगळं नाव आहे, आपण बुबुळ म्हणू. काही मुलांचं हे बुबुळ पंधरा-सोळाव्या वर्षापासून पातळ होत जातं आणि पुढे टोक काढतं. मग चंद्र एकाचे तीन दिसतात, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपट्या फुटतात. नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो आणि कितीही चष्मे केले तरी धड दिसत नाही, कारण दोष नंबरात नसून आकारात असतो. त्यावर एक छोटी कडक लेन्स बसवतात. लेन्स आणि बुबुळ यांच्यामधल्या खाचखळग्यांत डोळ्याचं पाणी भरतं आणि वरून सगळं गुळगुळीत होतं. पनवेलकरांना हे पटकन कळतं. रस्त्यातला खड्डा पाण्याने भरला की रस्ता कसा सपाट दिसतो, तसंच. फरक इतकाच की इथे त्या सपाटपणाचा उपयोग होतो.

आता ही लेन्स म्हणजे आयुष्यभराचा संसार. सकाळी हात साबणाने धुऊन, कोरडे करून घालायची, झोपण्याआधी काढायची, तिच्या औषधी पाण्यात ठेवायची. साधं पाणी लावायचं नाही. नळाचं नाही, बिसलेरीचं नाही, गंगेचं तर नाहीच. सुक्या मासळीचा हात, मिरचीचा हात, हळदीचा हात लावायचा नाही. पहिले आठ दिवस डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतं, ते सोसायचं. इतकंच. पण एक गृहस्थ लेन्स तोंडात घालून, चोखून, परत डोळ्यात घालत. थुंकी औषधी असते म्हणाले. दुसऱ्या एका बाईंनी औषधी पाणी संपलं म्हणून लेन्स वाटीभर पाण्यात घालून, घरातली सगळ्यात स्वच्छ जागा म्हणून, ती वाटी देवघरात ठेवली. सकाळी सासऱ्यांनी पूजा आटोपली आणि तीर्थ म्हणून वाटी तोंडाला लावली. बाई रडत फोनवर विचारत होत्या की मामंजींना काही होईल का. मी म्हटलं, मामंजींना काही होणार नाही, तुम्ही डोळ्याचं बघा. साध्या पाण्यातली ती लेन्स घातली असती तर डोळ्याला भयंकर जंतुसंसर्ग झाला असता, म्हणजे मामंजींनी एका परीने उपकारच केले. त्यांना हे पटलं नाही.

तर या आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आमच्या धंद्यात सगळे त्याला नुसतं 'कोन' म्हणतात. टोक आलेलं बुबुळ म्हणून कोन. "आज किती कोन आहेत?" असं मी सकाळी सुमनला विचारते. सुमन म्हणजे बाहेरच्या टेबलावर बसणारी, माझ्याकडे वीस वर्षं असलेली, पेशंटपेक्षा मला जास्त वैतागलेली बाई. आली तेव्हा नवीन होती. मी केसपेपरवर मोठ्या अक्षरांत 'कोन' लिहायची आणि ती तो केसपेपर एका वेगळ्या फायलीत लावायची. महिन्याभराने तिने मला काळजीने विचारलं, "मॅडम, त्या कोन गावाच्या पाण्यात काही आहे का? तिथल्या सगळ्यांचेच डोळे कसे खराब?" एक्स्प्रेसवेच्या बाजूचं कोन गाव तिने फायलीवर लिहून ठेवलं होतं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. कितीतरी वर्षं मी हा किस्सा लग्नाकार्यात सांगून टाळ्या घेतल्या. त्यातून शहाणी व्हायचं मात्र मला सुचलं नाही.

काही वर्षांपूर्वी सुगंधाताई आपल्या मुलीला, प्रणालीला घेऊन आल्या. उरण रोडवरच्या एका गावातल्या. पूर्वी मिठागरात राबलेलं घर, आता दारात दोन डंपर उभे. प्रणाली एकोणीस वर्षांची, खारघरच्या कॉलेजात कॉमर्सला. तिच्या गावातल्या दोन मुली उरणकडच्या कंटेनर यार्डात कामाला लागल्या होत्या. आलेल्या कंटेनरचा नंबर लांबून वाचायचा आणि नोंदवायचा, असं ते काम. प्रणालीला तेच करायचं होतं. आणि तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं. दोन वर्षांत पाच चष्मे झाले होते. बोलताना मान वाकडी करून, डोळे बारीक करून बघायची आणि मधूनमधून मनगटाने डोळे चोळायची. ते बघूनच मी काय समजायचं ते समजले. मशीनवर दोन्ही बुबुळांचे नकाशे काढले, डोळ्यांत थेंब घातले आणि तिला बाहेर बाकावर डोळे मिटून बसायला सांगितलं. मग तिच्या आईला आत बोलावलं.

बाहेर सात जण खोळंबले होते. मी खुर्चीतसुद्धा बसले नव्हते. पुढचा संवाद मला अक्षरन् अक्षर आठवतो, कारण नंतर तो मी मनात शंभरदा घोळवला.

"ताई, पोरीच्या डोळ्यात कोन आहे," मी म्हटलं.

सुगंधाताईंचा चेहरा उतरला. "कोन हाय?"

"हो, कोन आहे. फोटोत स्पष्ट दिसतंय. दोनेक वर्षं तरी झाली असतील. आणि दोन्हीकडे आहे. डावीकडे जास्त."

मी म्हटलं, या वयात होतं हे, घाबरू नका, पण वाढायच्या आत बंदोबस्त करायला हवा, उशीर केलात तर हाताबाहेर जाईल. खारघरला जावं लागेल.

"खारघरलाच ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"खारघरलाच. चिठ्ठी देते."

बुबुळाची वाढ थांबवायचा एक उपाय असतो. औषधाचे थेंब टाकून डोळ्यावर ठरावीक प्रकाश सोडतात, त्याने बुबुळ कडक होतं. तो खारघरचे एक सर्जन करतात, त्यांच्या नावाची इंग्रजीत चिठ्ठी मी खरडली. सुगंधाताईंनी ती घडी करून ब्लाउजमध्ये सरकवली आणि म्हणाल्या, "बाहेर कोनाला सांगू नका, मॅडम." मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या डोळ्यांत दोष आहे म्हटलं की सगळ्याच आया हेच म्हणतात.

त्यानंतर दोघी आल्याच नाहीत. सुमनने केसपेपरवरच्या नंबरावर दोनदा फोन केला, बंद लागला. मी म्हटलं, गरज असेल तर येतील. हे वाक्य मी तेव्हा किती सहज म्हटलं होतं.

आठ महिन्यांनी आल्या. प्रणालीचा डावा डोळा पांढरा झाला होता. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. टोक काढलेलं बुबुळ ताणून ताणून आतल्या बाजूने फाटतं, डोळ्यातलं पाणी त्यात शिरतं आणि एका दिवसात डोळा दुधासारखा दिसायला लागतो. दुखतं. काही महिन्यांनी उतरतं, पण मागे व्रण राहतो. हे होऊ नये म्हणूनच मी खारघरला पाठवलं होतं. माझं डोकं फिरलं. पेशंटसमोर ओरडायचं नाही हा नियम मी पाळते असं सुमनसुद्धा म्हणणार नाही, पण त्या दिवशी मी कहर केला. आठ महिने कुठे होतात, मी काय सांगितलं होतं, एक साधी गोष्ट तुमच्याने होऊ नये? पोटच्या पोरीचे डोळे आहेत की कोणाचे?

प्रणाली माझ्याकडे बघतही नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसली होती. सुगंधाताई मात्र चिडल्या. "तुमी सांगितलं तेच केलं ना आमी. बंदोबस्त केला. कॉलेज बंद केला, मोबाईल काढून घेतला, घरातशी बाहेर नाय सोडली पोरीला. आनखी काय करू?"

"कॉलेजचा काय संबंध?"

"तुमीच बोल्लात ना, पोरीचे डोल्यान कोन हाय. फोटोत दिसतंय बोल्लात. दोन वर्सं झाली, दोनीकडशी हाय, खारघरचा हाय. ते डावीकडे जास्त काय ते तेवरं मना समजलं नाय."

बाहेर सुमनला हसू फुटलं आणि लगेच थांबलं. मी खुर्चीत बसले. त्यांच्या गावात ण चा न होतो. कोण म्हणजे कोन. मुलीच्या डोळ्यात कोणीतरी भरलंय, फोटो आहेत, दोन वर्षं चाललंय, दोन्हीकडून आहे, आणि वेळीच आवरलं नाही तर हाताबाहेर जाईल, असं एका शिकल्यासवरल्या मॅडमनी सांगितलं होतं. आणि कोन गावाशी त्यांचा काही गोंधळ होण्यासारखाही नव्हता. आल्याआल्या सुमनने "कोनच्या का तुम्ही?" विचारलं होतं आणि त्यांनी नाय म्हणून सांगितलं होतं.

मग एकेक निघत गेलं. रोज दिवेलागणीला आई मुलीला समोर बसवून विचारायची, डोल्यान कोन हाय, नाव सांग. मुलगी रडायची आणि डोळे चोळायची. बापाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. दोन स्थळं आणली, पोरगी तिरकी बघते म्हणून ती परत गेली. आणि प्रणालीची समजूत वेगळीच होती. तिच्या मोबाईलमध्ये कॉलेजच्या सहलीचा एक फोटो होता, सगळ्या वर्गाचा, त्यात तिच्या शेजारी एक मुलगा उभा होता. तपासणीच्या वेळी मोबाईल सुमनच्या टेबलावर होता. या चष्मेवाल्या बाईने माझा मोबाईल उघडून बघितला आणि आईला चुगली केली, असं ती आठ महिने धरून बसली होती. म्हणून तिने आईला एकदाही म्हटलं नाही की मला परत पनवेलला ने.

"आणि चिठ्ठी? मी दिली होती ती?"

सुगंधाताईंचा आवाज खाली आला. "इंग्लिशमधी होती. मना वाटला त्याचा नावगाव लिवलाय. यांचे हाताला लागली असती तर पोरीला जित्ती ठेवली नसती. गॅसवर जालली मी ती."

म्हणजे या बाईने मुलीला वाचवायला म्हणून ती चिठ्ठी जाळली होती. मला इतका संताप आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. त्यांच्यावर काढून झाला होता. उरले होते मी. बसून, कागदावर चित्र काढून सांगायला दोन मिनिटं लागली असती. आता काढलं. गोल बुबुळ, मग टोक आलेलं बुबुळ. सुगंधाताईंनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"यो कोन? मेंदीचा कोन असतो तसा?"

"हो. तसाच."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, मुलीकडे गेल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. प्रणालीने तो हात झटकला. मी त्या मुलीची माफी मागितली. सुगंधाताईंसमोर, सुमनसमोर, स्पष्ट शब्दांत मागितली. तिने मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

त्या दिवसापासून मी कोन म्हणत नाही. काही दिवस शुद्ध मराठीत शंकू म्हणून पाहिलं. "डोळ्यात शंकू आहे" म्हटल्यावर एक काका म्हणाले, शंका असेल तर दुसरीकडे दाखवतो, आणि उठून गेले. आता मी कागदावर मेंदीचा कोन काढते आणि तोंड बंद ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्याबरोबर खारघरला गेले. डावा डोळा औषधांवर ठेवला, उजव्याचा प्रकाशाचा उपाय झाला. त्याने वाढ थांबते, दिसायला लागत नाही. दिसण्यासाठी लेन्स. ती बसवायला सर्जननी परवानगी दिली तोपर्यंत आणखी काही महिने गेले. मधल्या काळात तिचा मोबाईल परत मिळाला आणि कॉलेजात नावही घातलं गेलं. बाप काही बोलायला आला नाही. डंपर घेऊन मुलीला खारघरच्या कॉलेजच्या गेटवर सोडायला लागला, एवढंच मला कळलं.

आज प्रणाली उरणकडच्या यार्डात काम करते. उजव्या डोळ्याने कंटेनरचे नंबर वाचते, धुळीसाठी वरून गॉगल लावते. डाव्याने मोठी अक्षरं तेवढी दिसतात. त्या व्रणाचं मी काही करू शकत नाही, आणि दर तपासणीला तो माझ्या दुर्बिणीत मधोमध दिसतो. बाकी पेशंट म्हणून ती इतरांसारखीच छळते. लेन्स बेसिनच्या जाळीत पडली की नळ चालू ठेवून मला फोन करते. चुलतबहिणीच्या हळदीत पहाटेपर्यंत नाचून, त्याच हातांनी लेन्स काढून, पिवळीधमक घेऊन आली होती. मी झापलं. ती म्हणाली, मॅडम, हळद लागली तर लग्न जमतं. मी म्हटलं, लेन्सचं?

पण शेवटी सांगायचा आहे तो पहिल्या लेन्सचा दिवस. मी उजव्या डोळ्यात लेन्स घातली, डाव्यावर पट्टी लावली आणि अर्धा तास बसवून ठेवलं. डोळ्यातून पाणी वाहत होतं, खुपतंय म्हणत होती, हात दहादा डोळ्याकडे जात होता आणि मी दहादा तो खाली दाबत होते. सुगंधाताई कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. पाणी थांबलं. मी तक्ता लावला. प्रणाली वरून वाचत खाली आली, शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत, न अडखळता.

कोपऱ्यातून आवाज आला. "प्रणाली. आता सांग. डोल्यान कोन हाय?"

बाहेर सुमनचं लिहिणं थांबलं. मला वाटलं, ही बाई आता काय करतेय, सगळं पुन्हा उकरणार. प्रणाली खुर्चीत वळली आणि आईकडे बघत राहिली. मान वाकडी न करता, डोळा बारीक न करता.

"तू हायस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नाकातली फुली कवा बदललीस?"

"दोन वर्सं झाली, बाय."

सुगंधाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि दोन्ही मुठींनी डोळे चोळायला लागल्या. तीस वर्षांची सवय, मी तोंड उघडलंच होतं. पण माझ्याआधी प्रणाली उठली, आईजवळ गेली आणि तिच्या दोन्ही मुठी धरून खाली घेतल्या.

"आय, डोले चोलू नको."